पानी आणि पाणी
(सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी वाचा-उपचाराचं काम करते. माहेर माण तालुक्यातलं, सासर सांगलीकडचं. माहेरी आम्ही सगळे ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारे. शहरात शिकायला गेले तेव्हा सांगण्यात आलं, ‘आधी स्वतःचे उच्चार सुधार, मग पेशंटचे.’ मी सुधारले. सुट्टीत घरी आले तर आई म्हणाली, ‘बया, तू पावन्यावानी बोलाय लागलीस.’

पुढे माझ्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आला. शाळेनं ‘बोलणं अशुद्ध’ म्हणून पाठवलेला. मी त्याला कितीतरी दिवस ‘ण’ घोकायला लावला. एकदा त्याची आजी सोबत आली. म्हणाली, ‘बाई, आमी समदी असंच बोलतो. मग आमी समदीच आजारी का?’ मला उत्तर देता येईना.

बायांनो, दोष आणि बोली यांतला फरक आम्हाला पुस्तकात शिकवतात. पाच वर्षांचं मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणतं आणि घरात तसं कुणी म्हणत नाही, तर आधी कान तपासावेत, मग उपचार करावेत. पण आजीसारखं बोलणारं मूल निरोगी आहे. जतकडचं घरी कानडी बोलणारं मूल मराठी शाळेत गप्प बसलं, तर त्याची तपासणी कानडीतही व्हायला हवी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाचा-भाषेचं अपंगत्व म्हणजे शरीरातल्या किंवा मज्जासंस्थेतल्या कारणानं आलेलं कायमचं अपंगत्व. त्यात बोली येत नाही.

मग पुस्तकातला हा फरक मी का विसरले? कारण माझी स्वतःचीच बोली मला दोष वाटायला लागली होती. भारतात या विषयाचं शिक्षण साठच्या दशकात म्हैसूर आणि मुंबईत सुरू झालं. आजही ते शहरात राहण्याचा खर्च झेपणाऱ्या घरांतल्या मुलींच्याच वाट्याला जास्त येतं. पारध्यांच्या, वैदूंच्या वस्तीतली मुलगी या खुर्चीत बसलेली मी अजून पाहिलेली नाही.

म्हणून दोन गोष्टी मागते. मूल तपासायला नेणाऱ्या आईला सांगा, ‘घरी आम्ही असं बोलतो’ हे आधी सांग, लाजू नकोस. आणि वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलींना या कामाची माहिती द्या. त्या आल्या, तर आजीच्या प्रश्नाला उत्तर देणारं कुणीतरी तिथे असेल.