शिवी कुणाची?
पुण्यातल्या स्वारगेटची भरलेली बस. मागून एक मुलगा एकदम शिवी हासडतो. माना वळतात, एखादा हातही उगारतो. हा टूरेट नावाचा आजार असू शकतो. मान झटकते, डोळे मिचकतात, घशातून आवाज निघतात. फ्रेंच डॉक्टर जिल द ला टूरेट यांनी १८८५ साली त्याचं वर्णन केलं. शिव्या येतात त्या शंभरातल्या १०-१५ जणांनाच. आणि त्या शिंकेसारख्या, फार वेळ दाबता न येणाऱ्या. ऐकणाऱ्याला लागतात, हे खरंच. पण उलट आपण 'खुळ्या' म्हणतो, ते पूर्ण शुद्धीत. दिव्यांगाचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा केला, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ महिने ते ५ वर्षं कैद आहे. तक्रारीसाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय तर पुण्यातच आहे.