कोरफडीचं घड्याळ

दुकानाच्या दारावर दोरीने उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली असेल. दृष्ट लागू नये म्हणून ती बांधतात. ना माती, ना पाणी. तरीही ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. उलट ज्या घरात तिच्यासाठी हौसेने कुंडी आणली जाते आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं जातं, तिथे ती बघता बघता सडते. असं का होतं, हे समजलं की कोरफड सांभाळण्याचं निम्मं शास्त्र समजलं.

कोरफडीची मांसल पानं एकाच मध्यातून, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी चहूबाजूंना फुटतात. प्रत्येक पान म्हणजे पाण्याची टाकीच. तिचं मूळ घर अरबस्तानातलं, कोरडं आणि रखरखीत. तिथे दिवसा पानांवरची रंध्रं उघडली, तर साठवलेलं पाणी उडून जायचं. म्हणून ती रंध्रं रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. दिवसा रंध्रं मिटून, त्याच साठ्यातून उन्हाच्या मदतीने अन्न बनवते. आपली पानफुटीही अशीच. तिची पानं सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत बेचव होतात, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चाखून पाहिलं. त्याची ही नोंद १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापली.

कोरफड रात्री प्राणवायू सोडते, म्हणून ती झोपण्याच्या खोलीत ठेवा, असं अनेकजण मला सांगतात. रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेते हे खरं. पण प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. आणि एका कुंडीने खोलीची हवा काही बदलत नाही. खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र रोपाचे हाल होतात. पानं बारीक, लांबट होऊन आडवी पडू लागली, तर उजेड कमी पडतो आहे असं समजा. तिला खिडकीपाशी किंवा बाल्कनीत ठेवा. मात्र सावलीतलं रोप एकदम कडक उन्हात नेऊ नका. पानं तांबूस पडतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावा.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली हवी. मी एक भाग बागेची माती, एक भाग जाडसर वाळू आणि थोडं जुनं शेणखत वापरतो. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावं. ओल लागली, तर तांब्या खाली ठेवावा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, थंडीत दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कुंडी छपराखाली घ्या. कित्येक आठवडे पाण्याची गरजच पडत नाही. तहानलेलं पान पातळ होऊन आत वळतं. ते पाण्याने सुधारतं. जास्त पाण्याने पान मऊ, लिबलिबीत होतं. तेव्हा रोप उपटून कुजलेली मुळं कापा, चार दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मातीत लावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.

बुडाशी पिल्लं फुटतात. ती चार-पाच इंचांची झाली की मुळांसकट वेगळी करा, जखम दोन दिवस वाळू द्या आणि मग लावा. शेजाऱ्यांना द्यायला याहून सोपी भेट नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पान कापलं की सालीलगत पिवळा, कडू चीक येतो. तो सुकवला की काळा बोळ होतो. हे तीव्र रेचक आहे. गर घ्यायचा, तर कापलेलं पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक गळू द्या, मग धुऊन साल काढा. हा गर त्वचेवर लावतानाही आधी हातावर थोडा लावून पाहावा. पोटात घेण्याचा प्रयोग वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तर मुळीच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली, सुरक्षिततेची पुरेशी माहिती सादर झाली नाही म्हणून, चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड वगळली. शिवाय नर्सरीतली प्रत्येक ठिपकेदार, शोभेची कोरफड औषधी नसते. कुत्र्या-मांजरांनाही ही पानं चघळू देऊ नयेत.

झाडाची काळजी म्हणजे रोज काहीतरी करणं, असं आपल्याला वाटतं. कोरफडीच्या बाबतीत निम्मी काळजी हात आवरण्यात आहे. तिचं घड्याळ वेगळं चालतं. आपण आपल्या तांब्याची वेळ त्याच्याशी जुळवून घेतली, की ती वर्षानुवर्षं साथ देते.