जुने मशीन घेताना आणि विकताना

(संस्थेच्या युवक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्माच्या व्यासपीठावर वेल्डिंग मशीनच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु तथागतांना अखेरचे भोजन देणारा पावा नगरीचा चुंद हा कम्मारपुत्त होता, म्हणजे धातुकाम करणाऱ्याच्या घरचा. आणि अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. आपली किती तरी माणसे रेल्वेच्या कारखान्यात आणि कंपन्यांत जन्मभर मशीनवर राबली. मशीन मात्र कधी त्यांच्या मालकीचे झाले नाही. आज आयटीआय करून बाहेर पडलेला मुलगा दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर ग्रिल जोडतो. त्याच्याकडे स्वतःचा वेल्डिंग सेट, एक ग्राइंडर, एक कटर आणि घरामागे दहा बाय बाराची जागा असली, तर तोच स्वतःच्या नावाने काम घेऊ शकतो. नवे सगळे घेण्याइतका पैसा नसतो, म्हणून पावले जुन्या मालाकडे वळतात. पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याचे भंगारवाले, बंद कारखान्यांचे लिलाव. तिथे माल चांगला मिळतो आणि माणूस फसतोही तिथेच. मी फसलो ते आधी सांगतो.

१९९७ साली एका बंद कारखान्याच्या मालातून मी तेलातला मोठा वेल्डिंग सेट घेतला. उत्तम होता. टेम्पोने घरी आणला, चार जणांनी उतरवला, आणि मग वायरमन म्हणाला, "याला दोन फेज लागतात, चारशे चाळीस. तुमच्याकडे सिंगल फेज आहे." विकणारा खोटे बोलला नव्हता. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. तो सेट सबंध पावसाळा गोणपाटाखाली पडून राहिला. सिंगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा संकटासाठी राखून ठेवायला. मी त्या चौथ्या भागातून सेट घेतला होता, हे घरी उशिरा कळले. त्यावर काय झाले ते इथे सांगत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, मशीनच्या आधी आपले मीटर पाहा. किती भार मंजूर आहे, त्या मीटरवर धंद्याचे काम चालेल का, हे वीज कार्यालयात विचारा. मग मशीनची पाटी वाचा. पाटी उपटलेली असेल तर ती का उपटली, हे विचारा.

दुसरी गोष्ट वाइंडिंगची. "तांब्याचे आहे" असे सगळेच म्हणतात. जिथे वाइंडिंगचे टोक बाहेर येते तिथे कानस हळूच फिरवा. तांब्यावर कल्हई असली तर वरून पांढरे दिसते, आत लालसर निघते; ॲल्युमिनियम आतही पांढरेच. ॲल्युमिनियमचा सेट वाईट असतो असे नव्हे, पण तांब्याच्या भावात घेऊ नये.

तिसरी आणि खरी परीक्षा रॉडची. स्वतःचे कोरडे रॉड आणि लोखंडाचे दोन तुकडे पिशवीत घालून न्या. दहा गेजचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, साधारण ११० अँपियरवर लावा. एक रॉड कोणतेही मशीन जाळते. विकणारा तेवढाच दाखवतो आणि चहा मागवतो. चहा राहू द्या. ओळीने पाच-सहा रॉड जाळा. आर्क तुटतो का, जळका वास येतो का, तेल झिरपते का, ते पाहा. हलका इन्व्हर्टर सेट असेल तर झाकण उघडायला सांगा. आत ग्राइंडिंगची लोखंडी धूळ बसली असेल तर कार्ड आज ना उद्या जाणार. केबलचे सांधेही मोजा. होल्डरला रॉड लावायच्या आधी ७०-८० व्होल्ट असतात; पावसाळ्यात ओल्या हाताने तेवढे माणूस मारायला पुरतात.

ग्राइंडर गार्डशिवाय घेऊ नका. लेथ घेणाराने चकजवळच्या बेडची झीज पाहावी. काम तिथेच जास्त होते म्हणून झीजही तिथेच. ऑक्सिजनचे काळे आणि ॲसिटिलीनचे मरून सिलिंडर मात्र जुन्या बाजारातून मुळीच घेऊ नका. त्यांची दाबाची चाचणी ठरावीक मुदतीने व्हावी लागते, ते कागद भंगारवाल्याकडे नसतात. गॅसवाल्याकडून भाड्याने आणा. घरगुती गॅसची टाकी कटिंगला लावणारे मी पाहिले आहेत. त्यांना मी काय म्हणतो ते छापण्यासारखे नाही.

आणि लेखी पावती, मशीनच्या नंबरासह, विकणाऱ्याच्या सहीसह. निम्म्या भावात मिळणारे मशीन कोणाच्या तरी शेडमधून गेलेले असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली आहे. आपण तर 'अदिन्नादाना वेरमणी' रोज म्हणतो.

आता विकण्याचे. तो सेट मी दिवाळीनंतर विकायला काढला. पहिले गिऱ्हाईक आले ते आपल्याच वस्तीतले, नुकता आयटीआय झालेला मुलगा, आईचे दागिने मोडून आणलेले पैसे खिशात. त्याने वाइंडिंग पाहिले, तेल पाहिले, भावही कमी केला नाही. फेजचे विचारलेच नाही. मला माहीत होते, त्याच्याही घरी सिंगल फेज. मी गप्प बसलो असतो तर माझे सगळे पैसे सुटत होते. खरे सांगतो, चहा होईपर्यंत मी गप्पच होतो. पंचशील म्हणायला सोपे आहे हो! शेवटी कप खाली ठेवला आणि सांगितले. तो उठून गेला. सेट पुढे पाच महिने पडून राहिला आणि मग थ्री फेज असलेल्या एका शेडवाल्याने पडत्या भावात नेला.

तो मुलगा मात्र पंधरा दिवसांनी परत आला. म्हणाला, "काका, जुन्या बाजारात येता का माझ्याबरोबर?" आम्ही रविवारी गेलो. पिशवीत दहा गेजचे रॉड होते.

जयभीम.