बॉस्टनच्या रस्त्यांवरील रानटर्की

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर बॉस्टन हे विद्येसाठी गाजलेले जुने शहर आहे. ऑक्टोबर लागला, मेपल वृक्षांची पाने तांबडी होऊन गळू लागली, की शहरालगतच्या ब्रूकलाइन, केंब्रिज अशा वस्त्यांत एक चमत्कारिक मिरवणूक दृष्टीस पडते. दहावीस थोराड पक्षी निळसर बोडकी मान पुढे काढून सावकाश रस्ता ओलांडीत असतात, आणि मोटारी निमूटपणे उभ्या असतात. हे पक्षी म्हणजे रानटर्की.

नावात तुर्कस्तान असला तरी टर्की हा पक्षी अस्सल अमेरिकेचा. आपल्या देशाशीही त्याचा संबंध जुना आहे. १६१२ च्या सुमारास गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्याच्या डोक्यामानेचे पालटते रंग पाहून बादशहा इतका थक्क झाला, की त्याने उस्ताद मन्सूराकडून त्याचे चित्र काढविले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

परंतु त्याच्या मायभूमीत त्याची दैना झाली. मॅसॅच्युसेट्स प्रांतात शेतीसाठी रान तुटले, शिकारीला सुमार राहिला नाही, आणि १८५१ च्या सुमारास तेथून रानटर्की नामशेष झाला. पुढे शेतकरी पश्चिमेकडील सुपीक जमिनींच्या ओढीने गेले. ओसाड शेतांवर पुन्हा झाडी माजली. रान परतले, पण पक्षी परतला नाही. खुराड्यात वाढविलेले टर्की रानात सोडून पाहिले. ते तगले नाहीत. अखेर १९७२-७३ मध्ये शेजारच्या न्यूयॉर्क प्रांतातून ३७ रानटी पक्षी धरून आणले व बर्कशायरच्या डोंगराळ मुलुखात सोडले. आज प्रांतातील रानटर्कींची संख्या ३० हजारांवर गेली आहे. तेव्हा ज्यांना आपण आगंतुक म्हणू, ते खरोखर त्या भूमीचे मूळ रहिवासीच होत.

मग ते शरदात वस्तीत का दिसतात? ओक वृक्षांची फळे या दिवसांत जमिनीवर सांडतात आणि ती टर्कीला फार प्रिय. उन्हाळ्यात पिलांसह वेगवेगळ्या हिंडणाऱ्या माद्या आता एकत्र येऊन मोठे थवे करतात. उपनगरांत जुने ओक आहेत, चरावयास मोकळी हिरवळ आहे, रात्री बसावयास उंच फांद्या आहेत, आणि शिकाऱ्याची बंदूक नाही. पक्ष्याला आणखी काय हवे?

अडचण येथूनच सुरू होते. टर्कीच्या थव्यात मानपानाची कडक उतरंड असते: कोण कोणास टोचणार आणि कोण वाट सोडणार हे ठरलेले. माणसाच्या हातून दाणे मिळू लागले, की माणसाची भीती मोडते, आणि पक्षी त्यालाही त्या उतरंडीत बसवितो; बहुधा आपल्या खालच्या पायरीवर! सात ते अकरा किलो वजनाचा नर मग टपालवाल्याचा पाठलाग करतो, मुलांवर धावून जातो, मोटारीच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्यालाच प्रतिस्पर्धी समजून चोची मारतो. विणीच्या वसंतात हा उपद्रव अधिक. पण त्याची सवय दाण्यांनीच लावलेली असते.

तेथील वन्यजीव खात्याचा उपदेश सरळ आहे. दाणे घालू नका, सांडलेले झाडून टाका, चकाकणारे पृष्ठभाग झाका. पक्षी अंगावर आलाच तर मागे हटू नका, आवाज करा, केरसुणी उगारा, पाण्याचा फवारा मारा. ऐकावयास हे निष्ठुर वाटेल. परंतु धीट झालेल्या पक्ष्याला उचलून दुसरीकडे सोडणे म्हणजे एकाची पीडा दुसऱ्याच्या दारी नेणे, म्हणून ते खाते तसे करीत नाही. अशा पक्ष्याला अखेर मारण्याचीच पाळी येऊ शकते.

मूठभर दाणे टाकणाऱ्या हाताच्या मनात दयाच असते, यात शंका नाही. पण त्या दयेची किंमत पक्षी चुकवितो. ज्यास एकदा माणसाने हद्दपार केले आणि पुढे माणसानेच सन्मानाने परत आणले, त्याला आपल्या दाराशी याचक करून ठेवणे हा काही त्याचा सत्कार नव्हे. त्याला रस्ता ओलांडू द्यावा, डोळे भरून पाहावे, आणि हात आवरावा. रानातल्या जिवावर माया करावयाची, तर ती पुष्कळदा अंतर राखूनच करावी लागते.