बदल आधी, वर्दी नंतर



संमेलन पळस्प्याला भरवायचं ठरलं तेव्हा मुंबईकर म्हणाले, मुंबईत काय वाईट होतं. पुणेकर म्हणाले, पुण्यात काय वाईट होतं. संयोजकांनी दोघांचीही थोडी गैरसोय केली आणि कोकणातून येणाऱ्यांची सोय पाहिली, याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करते. वर्षभराच्या कामाचा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहे, तो पुन्हा वाचून दाखवत नाही. अध्यक्षपदावरून एकदाच बोलायला मिळतं, तेव्हा ज्या विषयात माझा जीव आहे त्याच विषयावर बोलते: कर्नलमधली पेज टेबलं आणि त्यांतले बदल गठ्ठ्याने करण्याची रीत.

विषय अरुंद आहे, कबूल. पण गेल्या तीन-चार वर्षांत लिनक्सच्या मेमरी मॅनेजमेंटमधलं बरंच काम याच बोळातून गेलं आहे. आणि तो लांबचाही नाही. याच पनवेल तालुक्यात, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत, २०२० साली योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं. महापे, रबाळे, ऐरोली हा पट्टा तर त्याआधीपासून सर्व्हरांनी भरत आला आहे. या इमारतींच्या बातम्या मेगावॅटमध्ये आणि एकरांमध्ये येतात. आतल्या कोअरचा किती वेळ नुसता एकमेकांना निरोप देण्यात जातो, हे कुणी छापत नाही.

आधी थोडी उजळणी. मेमरीचं एक पान ४ केबीचं. ते पान खरोखर कुठे आहे हे सांगणारी नोंद ८ बाइटची. अशा ५१२ नोंदींचं एक टेबल, आणि तेही बरोबर एका पानात बसतं. म्हणजे तळाचं एक टेबल २ एमबी मेमरीचा हिशेब ठेवतं. त्याच्यावर आणखी तीन मजले, नव्या मोठ्या यंत्रांवर चार. दर वेळी एवढे जिने चढ-उतार करायला प्रोसेसरला परवडत नाही. म्हणून नुकत्याच पाहिलेल्या नोंदी तो टीएलबीत ठेवतो, आणि प्रत्येक कोअरचा टीएलबी वेगळा असतो. सगळं दुखणं इथून सुरू होतं.

या दुखण्याचं उदाहरण बाहेरच आहे. इथल्या पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे फुटणारा रस्ता कागदोपत्री आता राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता ४८ झाला, जेएनपीटीकडे जाणारा ३४८. महामार्गांचे क्रमांक बदलायचं ठरलं २०१० साली, पण फाट्यावरच्या जुन्या ट्रकवाल्याला विचाराल तर तो अजून ‘सतरा नंबर’च म्हणेल. नोंद बदलली, पण ज्याने ती पाठ केली होती त्याच्या डोक्यातली बदलली नाही. ट्रकवाल्याचं यात काही अडत नाही, तो गोव्याला पोचतोच. जुनी नोंद धरून बसलेला कोअर मात्र दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत जाऊन पोचतो, आणि तिथे लिहूनही येतो.

म्हणून पेज टेबलातली नोंद काढली किंवा आवळली की बाकीच्या कोअरना वर्दी द्यावी लागते. एक्स८६ यंत्रांवरची जुनी रीत म्हणजे इंटरप्ट: हातातलं काम टाक, अमुक नोंद पूस, झालं की सांग. उत्तर येईपर्यंत पाठवणारा खोळंबतो. एआरएमने हे काम हार्डवेअरवर सोपवलं; तिथे एका सूचनेत सगळ्या कोअरना कळतं. एएमडीच्या नव्या प्रोसेसरांवरही तशी सोय आली आणि लिनक्सने २०२५ मध्ये ती वापरायला घेतली. पण कुठल्याही यंत्रावर वर्दी फुकट नाही. हजार पानं परत करताना हजार वेळा ती द्यायची, हे आजच्या शंभर-सव्वाशे कोअरच्या सर्व्हरवर कुणाच्याच खिशाला झेपत नाही. तेव्हा बदल आधी करत जायचे आणि वर्दी मागाहून एकदाच द्यायची. याला आपण सगळे बॅचिंग म्हणतो, आणि नवख्या माणसाला ते फार सोपं वाटतं.

सोपं नाही ते का, हे मेमरी परत करण्याच्या कामात दिसतं. तिथला क्रम ठरलेला आहे: आधी नोंद काढा, मग टीएलबी पुसा, आणि पान मोकळं करायचं ते त्यानंतरच. मधली पायरी एकदम करायची तर तिसरी अडवून धरावी लागते. म्हणजे काढलेली पानं कुठेतरी यादीत लिहून ठेवायला हवीत. यादीला जागा हवी. आणि पुष्कळदा आपण मेमरी मोकळी करायला निघालेलो असतो ते मेमरी संपली म्हणूनच! यावरचा कर्नलचा तोडगा मला फार आवडतो. एमएमयू गॅदर नावाच्या रचनेत ८ पानांपुरती यादी स्टॅकवरच असते. वर एखादं रिकामं पान मिळालं तर यादी लांबते. नाही मिळालं तर आठ-आठच्या खेपा करायच्या, काम अडत नाही. वरच्या बाजूलाही कुंपण आहे: साधारण १०,००० पानं झाली की गठ्ठा रिकामा करायचाच. नाहीतर मोठ्या यंत्रावर एकच कोअर इतका वेळ त्यात गुंतून पडतो की तो लटकला अशी बोंब कर्नलच मारतो.

पुसण्यालाही असाच हिशेब आहे. एक्स८६वर ३३ पानांपर्यंत एकेक नोंद पुसली जाते. त्यापुढे सगळा टीएलबी धुऊन काढतात, कारण तेवढ्यात तेच स्वस्त पडतं. ही मर्यादा ठरवणाऱ्या २०१४ च्या पॅचच्या शीर्षकातच तिला ‘शहाणी किंमत’ म्हटलं आहे. आकडा मोजमापातून आला, सिद्धांतातून नाही, आणि हवा तर बदलता येतो. असे प्रामाणिक आकडे कर्नलमध्ये पुष्कळ आहेत.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. एमरीमॅप या कॉलने प्रोग्राम आपली मेमरी एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवतो. पानं जागची हलत नाहीत, हलतात त्या नोंदी. २०११ पर्यंत प्रत्येक नोंद हलवली की लगेच टीएलबी पुसला जाई, म्हणजे पानागणिक एक इंटरप्ट. त्या वर्षी सुधारणा आली: नोंदी हलवत जा, पुसणं शेवटी एकदाच. जानेवारी २०१२ मध्ये निघालेल्या ३.२ आवृत्तीत ती गेली. फायदा खरा होता, कोडही नेटका होता. फक्त एक झालं. नोंदी हलवताना पेज टेबलाचं जे लॉक हातात असतं ते सुटल्यावर मग शेवटचं पुसणं होऊ लागलं.

त्या फटीत काय होऊ शकतं ते बघा. पहिला थ्रेड नोंदी नव्या पत्त्यावर नेतो आणि लॉक सोडतो. टीएलबी अजून पुसायचा आहे. तेवढ्यात दुसरा थ्रेड त्या मेमरीमागची फाइलच कापून छोटी करतो. कर्नल पाहतो, पान नव्या पत्त्यावर आहे. तिथली नोंद काढतो, नव्या पत्त्यापुरती वर्दी देतो आणि पान मोकळं करतो. त्याच्या बाजूने सगळं नियमाप्रमाणे झालं. ते पान लगेच दुसऱ्या कुणाला मिळतं. आणि तिसरा थ्रेड वेगळ्या कोअरवर बसून जुन्याच पत्त्याने, जुन्याच टीएलबी नोंदीच्या जोरावर त्या पानात लिहीत असतो. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या जान हॉर्न यांनी २०१८ साली हे दाखवून दिलं. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत तिचा क्रमांक आहे सीव्हीई-२०१८-१८२८१. मधली जवळजवळ सात वर्षं हा कोड जगभर चालत होता, आणि वाचणाऱ्यांनी तो वाचलाही असणार.

दुरुस्ती खुद्द टॉरवाल्ड्स यांनी केली आणि ती शिकण्यासारखी आहे. त्यांनी गठ्ठा मोडला नाही. पुसणं फक्त लॉक सुटण्याच्या आधी आणलं. एका खेपेत तळाच्या एका टेबलापलीकडे जाता येत नाही, म्हणजे गठ्ठा फार तर ५१२ नोंदींचा राहिला. पानागणिक इंटरप्ट परत आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. बॅचिंगचा पॅच पाठवताना आपण किती टक्के वेग वाढला ते पहिल्या ओळीत लिहितो. पहिल्या ओळीत दुसरंच काहीतरी हवं: वर्दी द्यायची राहिली आहे असा काळ कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि तेवढ्या काळात कोणाला काय करायची मनाई आहे. ही मनाई कोणत्या लॉकने पाळली जाते तेही. टक्के दुसऱ्या परिच्छेदात चालतील.

अलीकडचं काम याहून गुंतागुंतीचं आहे, पण मजेचंही. एआरएमच्या ६४ बिटी यंत्रांवर सलग १६ नोंदींवर एक खूण करता येते: ही १६ पानं मेमरीत ओळीने आहेत, टीएलबीत त्यांना एकच जागा द्या. ६४ केबी एका जागेत. रायन रॉबर्ट्स यांच्या कामामुळे २०२४ च्या ६.९ आवृत्तीपासून साध्या प्रोग्रामांच्या मेमरीलाही हे आपोआप मिळू लागलं. गंमत पुढेच आहे. पान वाचलं गेलं, पानात लिहिलं गेलं, या दोन खुणा हार्डवेअर १६ पैकी कुठल्याही नोंदीवर ठेवू शकतं. त्यामुळे एका पानाची चौकशी केली तरी सोळाही नोंदी चाळाव्या लागतात. आणि वरचा जुना कोड तर पानागणिक चौकशी करणारा! १६ पानांसाठी १६ चौकश्या, प्रत्येकीत १६ वाचनं, म्हणजे २५६. मधलीच एक नोंद बदलली तर आणखी वाईट: सोळांवरची खूण उतरवा, नोंदी रिकाम्या करा, टीएलबी पुसा, पुन्हा भरा. सोळापैकी एकेक करत सोळा काढायच्या असतील तर पहिलीलाच हा सगळा सोहळा.

म्हणजे खालच्या थरात कितीही हुशारी केली तरी वरच्या थराने घाऊक मागणी करायला शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अनेक नोंदी एकदम लिहिण्याची सोय मॅथ्यू विलकॉक्स यांनी २०२३ मध्ये आणली होती. फोर्क, म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं, आणि मेमरी काढून टाकणं या दोन रस्त्यांवरची घाऊक वागणूक डेव्हिड हिल्डनब्रांड यांनी त्याच ६.९ मध्ये घातली. फोर्कमध्ये पूर्वी प्रत्येक पानामागे संदर्भाची संख्या एकने वाढवली जाई, आणि ती अॅटॉमिक, म्हणजे महागडी. आता एका फोलिओची, म्हणजे कर्नल एकत्र सांभाळतो अशा पानांच्या गटाची, सलग १६ पानं दिसली की एकदाच १६ मिळवायचे. हे करताना एकट्या-दुकट्या पानाची नेहमीची वाट हळू होता कामा नये, हे पथ्यही पाळावं लागलं. घाऊक गिऱ्हाईक आलं म्हणून किरकोळ गिऱ्हाईकाला रांगेत उभं करायचं नाही!

गठ्ठ्याने बदल करण्याची एक जुनी सोय झेनसारख्यांसाठी आली होती, त्याबद्दल थोडक्यात. केंब्रिजमध्ये तयार झालेल्या या हायपरवायझरवरच्या पॅराव्हर्च्युअल पाहुण्यांना स्वतःच्या पेज टेबलात थेट लिहायची मुभा नव्हती. प्रत्येक बदलासाठी हायपरवायझरकडे अर्ज. अर्ज साठवून एकदम द्यायला लिनक्समध्ये लेझी एमएमयू मोड आला. तसे पाहुणे आता कमी उरले, पण मोड टिकला, आणि २०२५ मध्ये एआरएमवर बॅरिअर, म्हणजे आधीचं लिखाण पोचेपर्यंत थांबवणाऱ्या सूचना, पुढे ढकलण्यासाठी तोच पुन्हा कामी आला. त्यातला सापळाही जुनाच आहे: मोडमध्ये असताना नोंद लिहिली आणि लगेच वाचली, तर जुनीच किंमत हाती येऊ शकते.

जाता जाता घरची एक गोष्ट. १९९१ साली पुण्यात सीडॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला. त्यात इन्मॉसचे टी८०० ट्रान्सप्युटर होते आणि त्यांना एमएमयूच नव्हता. पेज टेबल नाही, टीएलबी नाही, शिळ्या नोंदीची भीती नाही. मेमरी सामाईक नव्हती, नोड एकमेकांना संदेश पाठवत; आणि संदेश फुटकळ पाठवावेत की साठवून, हा प्रश्न तिथेही होताच. आज एका डब्यात शंभर कोअर एकच मेमरी वाटून घेतात, पण आतून तेही एकमेकांना निरोपच धाडत असतात.

शेवटी प्राध्यापक मंडळींकडे वळते, कारण या सभागृहात ती बरीच आहेत. अच्युत गोडबोले यांच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पाठ्यपुस्तकातून आपल्यातल्या अनेकांनी पेजिंगचा पहिला धडा घेतला. त्यानंतर परीक्षेत काय आलं? टीएलबी हिट रेशो ९० टक्के, मेमरीला १०० नॅनोसेकंद, तर सरासरी वेळ काढा. गणित बरोबर आहे, पण त्यात एकच कोअर आहे आणि कुणी काही बदलत नाही. त्या जागी असा प्रश्न घाला: दोन थ्रेड, दोन कोअर, एकाने मेमरी परत केली, दुसरा अजून वाचतो आहे, पान कोणत्या क्षणी मोकळं करावं, आणि का? पाच गुण. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना मी हाच प्रश्न विचारते, आणि फार थोडी मुलं वर्दीपर्यंत पोचतात.

दुपारच्या सत्रात एमरीमॅपचा २०१८ च्या आधीचा आणि नंतरचा कोड पडद्यावर शेजारी-शेजारी लावणार आहोत. फरक फार मोठा नाही, जेवणानंतरही झेपेल. ज्यांच्याकडे यंदा प्रश्नपत्रिका काढायचं काम आहे त्यांनी कृपया पुढच्या रांगेत बसावं.