परीक्षा मुलीची की घराची?



मी सातवी शिकलेली. पण प्रगतिपुस्तकावर सही आपणच करतो, म्हणून दोन शब्द बोलते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. २०१९ साली कायदा बदलला आणि २०२३ साली आपल्या राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा ठरवली. कुणी म्हणतात, धाक हवाच. कुणी म्हणतात, कोवळ्या जिवाला घोर कशाला? मला परीक्षा हवी वाटते. मुलाला वाचता येत नाही, हे वेळेवर कळलेले बरे.

मात्र नापास मुलाला जादा शिकवून निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेला बसवावे, आणि आठवी पुरी होईपर्यंत कोणाला शाळेतून काढू नये, असेही कायदा सांगतो. शाळा काढणार नाही हो, पण घर काढते! मुलगा नापास झाला तर शिकवणी लागते. मुलगी झाली तर धाकटे भावंड तिच्या कडेवर येते.

ते दोन महिने खरी परीक्षा आपलीच. मंडळाची खोली दुपारी रिकामी असते. येत्या सुटीत तिथे अशा मुलींना वाचन-गणित शिकवू या. पाढे तर मलाही येतात!