किरणांनी घडविलेले वाण



द्राक्ष बागायतदारांना ‘सोनाका’ हे नाव नवे नाही. लांबट मण्यांचे हे द्राक्ष कोणत्या प्रयोगशाळेतून आले, असे विचाराल, तर उत्तर आहे: कोणत्याच नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेतून वेगळा गुण दाखविणारी काडी हेरली, वाढविली आणि तिचा वाण झाला. तासगावकडचे ‘तास-ए-गणेश’ हेही थॉमसनमधूनच अशा निवडीने पुढे आले. वेल तीच, मूळही तेच. पण एखाद्या डोळ्यातून फुटलेली फांदी आपल्या बहिणींहून निराळी निघते. या अचानक घडणाऱ्या आणि पुढे टिकणाऱ्या बदलाला शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात.

हे कसे घडते? गुरुजी वर्गात शुद्धलेखन घालतात, तेव्हा चाळीस मुले तोच उतारा उतरवून घेतात. त्यात एखादा मुलगा ‘दिन’च्या जागी ‘दीन’ लिहितो. वेलांटी एकच बदलली, पण दिवसाचा गरीब झाला! वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत तिच्या गुणांचा असाच एक उतारा असतो आणि पेशी वाढताना त्याची नक्कल होत राहते. नकलेत कोठे एक अक्षर बदलले की खोडाची उंची, फुलाचा रंग, फळाचा आकार किंवा पिकण्याचा काळ बदलू शकतो. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातकच असतात. क्वचित एखादा आपल्या कामाचा निघतो.

निसर्ग हे काम फार सावकाश करतो. अमेरिकेत म्यूलर यांनी 1927 साली फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखविले, की या बदलांची संख्या माणसाला वाढविता येते. पुढच्याच वर्षी स्टॅडलर यांनी बार्लीच्या पिकात तेच सिद्ध केले. आज क्ष-किरण, गॅमा किरण आणि काही रसायने यांचा उपयोग करून जगात 3,400 हून अधिक वाण तयार झाले आहेत.

आता आपल्या जवळची गोष्ट ऐका. ठाण्याचे कोलशेत हे खाडीकाठचे जुने गाव. तेथून काही कोसांवर तुर्भे येथे 1954 साली अणुसंशोधनाचे केंद्र स्थापन झाले. 1967 पासून त्याला डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे. अणू म्हटला की आपल्याला बॉम्ब आठवतो, फार तर वीज. पण याच केंद्रात भुईमुगाच्या बियांवर क्ष-किरण सोडून टपोऱ्या दाण्याचा ‘टीजी-1’ हा वाण काढला गेला आणि 1973 साली तो प्रसारित झाला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने उडदाचा ‘टीएयू-1’ आणि 1991 साली भुईमुगाचा ‘टीएजी-24’ हे वाण आले. या नावांतील ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे आणि ‘ए’ म्हणजे अकोला. ज्यांनी हा भुईमूग पेरला, त्यांनी तुर्भ्याची किरणे आपल्या रानात कधीच आणली आहेत, हे पुष्कळांना ठाऊकही नसेल.

तुम्ही म्हणाल, भुईमुगाला बी आहे. बी पेरावे, निवडावे. पण केळीचे काय? आपण खातो त्या केळ्याला बी धरत नाही. त्यामुळे दोन जातींचा संकर करून नवी केळ काढणे महाकठीण. मुनव्यापासून मुनवा लावीत जायचे, म्हणजे साऱ्या बागा एकाच झाडाच्या नकला. खानदेशातला बागायतदार जाणतो, की घड भरत आले असताना वादळ सुटले, तर उंच केळी एका रात्रीत आडव्या होतात आणि वर्षाचे कर्ज डोक्यावर राहते. बांबूचे टेकू लावावे, तर तो खर्च निराळाच.

अशा बिनबियांच्या पिकाला उत्परिवर्तन हा मोठाच आधार आहे. भाभा केंद्राने तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राच्या सहकार्याने ग्रँड नेन या जातीवर गॅमा किरणांचा प्रयोग करून ‘कावेरी वामन’ हा ठेंगणा वाण काढला. तो 2025 साली जाहीर झाला. तो बुटका असल्याने वाऱ्याला कमी सापडतो, टेकूची गरज राहत नाही आणि सुमारे दीड महिना आधी तयार होतो. पपईतही ‘पुसा नन्हा’ हा बुटका वाण गॅमा किरणांतूनच आलेला आहे. तो परसात, एवढेच नव्हे तर मोठ्या कुंडीतही लावता येतो.

मात्र हे काम चिकाटीचे आहे. जपानात ‘निजिसेइकी’ नावाच्या नाशपातीला काळ्या ठिपक्यांचा रोग पडे. तिचे एक झाड 1962 साली गॅमा किरणांच्या मळ्यात लावले. रोग न लागलेली एक फांदी त्यावर सापडली ती 1981 साली! एका फांदीसाठी एकोणीस वर्षे. फळझाडाच्या कामात आजोबांनी आरंभ करावा आणि नातवाने फळ चाखावे, असेच असते.

एक शंका नेहमी विचारली जाते: किरणांतून निघालेले फळ खाणे धोक्याचे नाही ना? क्ष-किरणांनी छातीचे चित्र काढले म्हणून आपल्या अंगातून किरणे बाहेर पडू लागत नाहीत. बियांचेही तसेच. गॅमा किरणे बियांतून पार जातात, मागे उरतो तो केवळ गुणांतला बदल. शिवाय किरणे दिलेले मूळ बी शेतकऱ्याच्या हाती येतच नाही. त्याच्या पहिल्या पिढीत पुष्कळ बदल झाकलेले राहतात, दुसऱ्या पिढीपासून खरी निवड होते, मग कित्येक हंगाम ठिकठिकाणी चाचण्या होतात आणि त्यानंतरच वाण प्रसारित होतो.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. ‘अणुशक्तीचे बी’ म्हणून कोणी पिशवी गळ्यात मारू लागला, तर भुलू नका. वाणाचे नाव, प्रमाणपत्राची चिठ्ठी आणि पावती पाहिल्यावाचून पैसे देऊ नका. सुधारलेला वाण म्हणजे जादू नव्हे. त्याला खत, पाणी आणि राखण लागतेच, आणि एका रोगाला तोंड देणारे पीक दुसऱ्या रोगाला बळी पडू शकते. म्हणून नवे लावताना गावातले जुने बी टाकून देऊ नका. उद्याच्या सुधारणेचे भांडवल त्यातच आहे.

गुरुजनांना एक विनंती. किरणांची यंत्रे शाळेत नकोत. डोळे मात्र हवेत. कोलशेतच्या उंच इमारतीतल्या सज्जात असो की गावच्या शाळेच्या कुंपणावर, बोगनवेल, शेवंती आणि क्रोटन सगळीकडे असतात. त्यांवर एखादी फांदी निराळ्या रंगाची दिसली, तर मुलांना तिला दोरा बांधायला सांगा. तारीख लिहून ठेवा. छाटकलम लावा, त्याचे झाड झाले की त्याचे पुन्हा छाटकलम लावा. दोन-तीन वेळा तोच रंग कायम राहिला, तर तो बदल टिकाऊ समजावा. पुन्हा जुना रंग आला, तर बदल फांदीच्या थोड्याच पेशींत होता किंवा तो नुसता ऊन-पाण्याचा परिणाम होता, असे मुलांना समजावून द्या. या एका वहीतून मुले जे शिकतील, ते दहा धड्यांतून शिकणार नाहीत.

आणि बागायतदार मित्रांनो, बागेत एखादे झाड चारचौघांसारखे नाही असे दिसले, तर ‘बिघडले’ म्हणून लगेच उपटू नका. रोगट असेल तर अवश्य काढा. पण निरोगी असून वेगळे असेल, तर खूण करा, एक-दोन हंगाम पाहा आणि जवळच्या कृषी विद्यापीठाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला कळवा. नान्नजच्या बागेत वेगळी फांदी दिसली तेव्हा तेथे यंत्र नव्हते; पाहणारा शेतकरी होता. यंत्रे बदल घडवितात, पण त्यातला उपयोगाचा कोणता, हे ओळखावे लागते माणसालाच.